परदेशी काय शिकावयाचे?

(श्रीगोंदे येथे उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या निरोप-समारंभात एका वकिलांनी केलेले भाषण)



आज आपण ज्या कन्येस निरोप देण्यासाठी जमलो आहोत, तिचे नाव मी घेत नाही. तशी तिचीच इच्छा आहे. ती अमेरिकेतील एका विद्यापीठात ‘नवोपक्रम व उद्योजकता’ हा विषय शिकावयास जात आहे. म्हणजे नव्या कल्पनेतून नवा उद्योग कसा उभा राहातो, ज्यास आज सर्वत्र ‘स्टार्टअप’ म्हणतात, तो कसा जन्मतो, कसा जगतो व कसा मरतो, याचे हे शास्त्र आहे. हे ऐकून तिच्या आजीने मला विचारले, “वकीलसाहेब, डाक्टरकी समजती, वकिली समजती, पर धंदा शिकायला सातासमुद्रापल्याड कशाला जायाचं? त्यो तर बाजारात बसलं की येतुया.” आजीच्या या प्रश्नास उत्तर द्यावे, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे. हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आहे.

बलुत्याला भाव नव्हता

आपल्या पूर्वजांनी कष्ट कमी केले काय? त्यांनी वेशीची राखण केली, सांगावे नेले, मेलेली जनावरे ओढली. आपल्या या गावास पूर्वी चांभारगोंदे असेही म्हणत. कातडे कमावून त्याची मोट शिवणारे हात अडाणी हात नव्हते. ते शोधक हात होते. मोटेच्या पाण्यावर मळे पिकले. परंतु मोट शिवणाऱ्याच्या मालकीचा मळा क्वचितच असे. असे का झाले? कारण आपल्या कामाचा भाव सांगण्याचा अधिकार त्यास नव्हता. खळ्यावर उभे राहावयाचे आणि पदरात पडेल ते बलुते घ्यावयाचे. जो भाव सांगू शकत नाही आणि नको असलेले काम नाकारू शकत नाही, तो कारागीर असेल, कष्टाळू असेल; पण उद्योजक नसतो.

पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे ‘माझ्या कामाचा भाव मी सांगेन’ असे कायद्याने म्हणता येऊ लागल्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. बाजारात बसले की धंदा येतो हे खरे. पण ज्यांना बाजारात पिढ्यान्पिढ्या बसू दिले नाही, त्यांनी तो कोठे शिकावा?

विद्या होती, गिऱ्हाईक नव्हते

परंतु केवळ विद्या घेऊन येणे पुरेसे नाही, याचा दाखला बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली ते एम्. ए. झाले. पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात त्यांचे काय हाल झाले, ते तुम्हांस ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत येऊन त्यांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. या देशात त्या वेळी अर्थशास्त्राचे इतके ज्ञान असलेले किती लोक होते? परंतु सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक फिरकेना, आणि तो व्यवसाय बंद पडला.

ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. कारण ती अपयशाची आहे. मी मात्र ती मुद्दाम सांगतो. त्या व्यवसायात ज्ञान कमी नव्हते, प्रामाणिकपणा कमी नव्हता. कमी होता तो परक्याने परक्यावर ठेवावयाचा विश्वास. तो विश्वास जातीवर न ठेवता कायद्यावर, करारावर आणि कामाच्या कसावर कसा उभा राहातो, हे पाहून येणे हेच परदेशी शिकावयाचे मुख्य शास्त्र होय.

तेथे पाहावयाच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, आधी विचारावे व मग करावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ साली संशोधकांसाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. त्यात नियम असा की, आपला शोध विकावयास काढण्यापूर्वी सुमारे सात आठवड्यांत निदान शंभर संभाव्य गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष भेटावे व त्यांची अडचण काय ती ऐकावी. मोठमोठे शास्त्रज्ञ दारोदार जाऊन विचारतात आणि पुष्कळदा आपली मूळ कल्पना चुकीची होती असे कबूल करून परततात.

दुसरी गोष्ट, सरकारचा हात. गॅरेजात बसून दोन पोरांनी कंपनी काढली, अशा कथा आपण ऐकतो. त्यांतील अर्धे सत्य सांगितले जात नाही. गूगलच्या मुळाशी असलेले संशोधन स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले, आणि त्यास सरकारी विज्ञान-निधीचे साह्य होते. सरकारी पैशांतून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठास मिळावी, असा कायदा तेथे १९८० साली झाला. १९८२ साली सरकारी खात्यांच्या संशोधन-निधीतील काही वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवण्यात आला. तेव्हा आपण सवलत मागितली की जे नाक मुरडतात, त्यांना सांगा की जगातील सर्वांत श्रीमंत देशानेही आपल्या होतकरू उद्योजकांस सार्वजनिक पैशाचा आधार दिला आहे.

तिसरी गोष्ट मला वकील म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे अपयशाचा कायदा. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोस पुन्हा आयुष्य सुरू करण्याची संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ साली एका निकालात स्पष्ट केले. बहुसंख्य नवे उद्योग बुडतात; परंतु बुडालेल्या उद्योगाबरोबर माणूस बुडू नये, अशी ही व्यवस्था आहे. त्याच देशात शिक्षणाचे कर्ज मात्र दिवाळखोरीतही सहजासहजी सुटत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपल्याकडे काय आहे? कंपनी काढली तर भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते, असे कायदा म्हणतो. परंतु कर्ज देणारा बापाची, भावाची, चुलत्याची जामीनकी मागतो, आणि एका सहीने ती मर्यादा पुसली जाते. २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली. कंपनीच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींना तिची कलमे १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. सामान्य माणसाच्या वैयक्तिक दिवाळखोरीस मात्र अद्याप १९२० सालचा इंग्रजी अमदानीतील कायदाच आहे. म्हणून माझी तुम्हांस कळकळीची विनंती आहे: मुलास धंद्यासाठी आशीर्वाद द्या, भांडवल द्या, पण जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी कागद कोणा जाणत्याकडून वाचून घ्या.

जात तेथेही गेली आहे

अमेरिकेत गेले की जात सुटते, अशा भ्रमात राहू नका. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या शासकीय खात्याने एका बड्या कंपनीविरुद्ध, तेथील दलित अभियंत्याचा जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच बिलास मात्र राज्यपालांनी नकार दिला. यावरून घ्यावयाचा बोध असा की, माणसे सामान घेऊन जातात तशी जातही घेऊन जातात; परंतु जेथे कायद्याचा दरवाजा ठोठावता येतो, तेथे लढाही देता येतो.

साठेखताचा कागद

आता या कन्येच्या वडिलांची हकीगत, त्यांच्या परवानगीने, सांगतो. दोन वर्षांपूर्वी ते एका साठेखताचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. घरची एकच एकर जमीन होती. ती विकून मुलीस पाठवावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. मी सातबारा पाहिला. जमीन वतनाची, भोगवटादार वर्ग २. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, आणि घेणारा हे पुरते जाणून होता. म्हणूनच त्याने भाव निम्मा लावला होता. मी म्हणालो, “ही सही करू नका.” अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान देणारी दुरुस्ती १९९० साली झाली, त्यामुळे तिचाही दरवाजा आपल्यास उघडा आहे. हे सारे मी त्यांना सांगितले.

पहिल्या वर्षी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र मुदतीत हाती आले नाही, आणि अर्ज फुकट गेला. त्या दिवशी ते मला म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या कायद्याने माझ्या पोरीचे एक वर्ष खाल्ले.” मी निरुत्तर झालो. रात्री झोप आली नाही. कारण जमीन त्यांची होती, वर्ष मुलीचे होते, आणि सल्ला माझा होता. दुसऱ्या वर्षी तिची निवड झाली. आज मुलगी जात आहे आणि जमीन घरात आहे. पण ते गेलेले वर्ष मी विसरलेलो नाही, आणि तुमच्या घरी ते जाऊ नये म्हणून हे सांगत आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पारपत्र ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयार ठेवा. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत शासनाने ठरविलेल्या क्रमांकाच्या आत आहे किंवा नाही, हे आधी पाहा. नियम बदलतात, दरवर्षीची जाहिरात दरवर्षी वाचा.

परत काय आणावयाचे?

मुली, आता दोन शब्द तुला. या तालुक्याचे लिंबू दूरदूर जाते. उन्हाळ्यात त्यास सोन्याचा भाव येतो आणि पावसाळ्यात तेच मातीमोल होते. काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनी ते तोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींची मजुरी मात्र दोन्ही ऋतूंत तुटपुंजीच राहाते. हे असे का होते, याचे उत्तर मजजवळ नाही. परंतु तू तेथे शंभर जणांना विचारावयास शिकशील. परत आल्यावर ते शंभर जण येथे शोध: तोडणारी बाई, बागाईतदार, आडत्या, हमाल, मापाडी, ट्रकवाला. त्यांना विचारल्याखेरीज कोणतेही यंत्र, कोणतेही ॲप काढू नकोस.

पैसा मिळण्याचे मार्ग आता थोडे तरी आहेत. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी केंद्राने २०१५ साली साहस-भांडवल निधी काढला. २०२० साली त्याच निधीतून होतकरू तरुणांच्या नव्या कल्पनांना तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवल देण्याची योजना जाहीर झाली. आणि ते भांडवल कर्ज म्हणून नव्हे, तर भागीदारी म्हणून. हा भेद नीट समजून घे. कर्जात बुडणारा एकटा बुडतो. भागीदारीत नुकसान वाटून घेतले जाते.

आणि तू अपयशी होऊन परत आलीस तरी या गावाने तुला पाठ दाखवू नये, हे मी येथे जमलेल्या सर्वांना सांगतो. बाबासाहेबांचा तो पहिला व्यवसाय बुडाला. त्यानंतर ते प्राध्यापक झाले, पैसे साठविले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि अर्धी राहिलेली विद्या पुरी करून आले. त्यांचा तो व्यवसाय बुडविणारे कोण होते, हे आज कोणाच्या स्मरणातही नाही.

आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. धंदा बाजारात बसले की येतो, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. तुमची नात बाजारात बसण्याचा हक्क, भाव सांगण्याची रीत आणि पडल्यावर उठण्याचा कायदा शिकून येण्यासाठी जात आहे. ती परत येईल तेव्हा बाजारात तिच्या शेजारी बसावयास तुम्ही या.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.