घरातील उपासना
(मंडळाच्या वर्धापनदिनी पेण व रोहे येथील भगिनींसमोर झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ख्रिस्ती कुटुंबातील उपासनेचा. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी देव्हारा आहे. मग दुसऱ्याच्या घरच्या प्रार्थनेत डोकावण्याचे प्रयोजन काय, असे एकीने मला विचारलेही. माझे म्हणणे असे की, शेजारच्या घरात दिवा कशासाठी लागतो हे ठाऊक नसेल, तर तो शेजार कसला?

आणि हा शेजार आपल्याला नवा नाही. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे बेने इस्राएल कुटुंबांतही आहेत. ही माणसे तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाब्यात त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे पेणेत त्यांचे प्रार्थनामंदिर झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, ग्रंथ आणि गुरू जवळ नसताना, शनिवार पाळला गेला तो घरात. तो पाळावयाचा म्हणजे आदल्या दिवशीच रांधून ठेवावयाचे. ते काम कोणाचे, हे तुम्हांला सांगावयास नको.

तीच गोष्ट आपल्या कुंडलिकेच्या मुखाशी. रोह्यावरून वाहणारे पाणी समुद्राला मिळते तेथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई. पोर्तुगीज १७४० साली तेथून गेले, परंतु कोर्लईचे ख्रिस्ती लोक राहिले आणि त्यांची पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घरोघर बोलली जाते. ती टिकण्याचे एक कारण विद्वान असे सांगतात की, सुमारे १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत तेथील पाद्री पोर्तुगीज जाणणारे असत. मला त्यात भर घालावीशी वाटते. पाद्री आठवड्यातून किती वेळ भेटणार? मूल बोलते ते आईची भाषा, आणि प्रार्थनेचे पहिले शब्दही तिच्याच तोंडून उचलते.

देवाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हा प्रश्न ख्रिस्ती मंडळींना फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या हातची पुराणे गेली होती आणि त्या जागी मनाला धरून ठेवील असे काही आले नव्हते. ही उणीव ओळखून त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ओवी मराठी आणि अक्षरे रोमन, असा तो ग्रंथ! रविवारी व सणावारी देवळात तो वाचला जाई. धर्म बदलला तरी कान बदलत नाही, हे त्या परदेशी माणसाला उमगले होते.

आता मी ज्या बाईंविषयी मुख्यतः बोलणार आहे त्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' आपल्या वाचनालयात असेल. नसेल तर आज ठराव करून घ्यावे. त्यांचे माहेर जलालपूरचे, नाशिकजवळ. वडिलांचे सोवळे असे कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यावयाचा नाही. पती नारायण वामन टिळक, कवी आणि मनस्वी. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळी माहेरच्या माणसांत होती. पदरी लहान मुलगा, आणि पाच वर्षे ताटातूट. त्यातले काही दिवस पंढरपुरास, विठोबाच्या दारात.

टिळकांच्या श्रद्धेचा खरेपणा मला मान्य आहे. प्रतिष्ठा, नातीगोती, सर्व सोडून माणूस उगीच जात नाही. पण बायकोच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब त्या खरेपणाच्या खाती घालून मोकळे होणे मला जमत नाही. पुरुषाला देव भेटला आणि बाईचा संसार मोडला, अशा गोष्टी आपल्या संतचरित्रांतही आहेत. तेथेही आपण चटकन हात जोडतो आणि घरातलीकडे पाहावयाचे राहून जाते.

लक्ष्मीबाईंचा मोठेपणा पुढे आहे. त्या नवऱ्याकडे परत आल्या, परंतु त्याचा धर्म घेऊन नव्हे. एकाच घरात त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते चालू दिले, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मग राहुरीस असताना त्यांच्या मनाने आपला आपण निवाडा केला की, जातीची ही उतरंड देवाने घातलेली नाही, माणसाने घातलेली आहे. त्या दिवसापासून त्यांना कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. हे आधी, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. आधी पाणी सुटले, मग विधी झाला. या क्रमात मला सच्च्या उपासनेची सारी ओळख सापडते. कितीतरी ठिकाणी, आपल्यात आणि त्यांच्यातही, विधी होऊन जातो आणि पाण्याचा हंडा वेगळाच राहतो.

टिळक स्वतःही चौकटीत मावले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. इंग्रजी चालीची भाषांतरित गीते मराठी माणसाच्या पोटात शिरत नाहीत म्हणून त्यांनी अभंग, पदे आणि भजने रचली. मराठी चर्चमध्ये ती आजही गातात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' महाकाव्य थोडेच लिहून झाले होते. त्याचा मोठा भाग रचला लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेल्या बाईने, आणि शेवट केला मुलाने, देवदत्ताने. काव्य म्हणून त्यात अधिकउणे असेल, ते पंडितांनी पाहावे.

ही झाली मागची गोष्ट. आज काय चालते? गोव्याकडे संध्याकाळची घंटा झाली की घरची माणसे एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना म्हणतात, तिला तेर्स म्हणतात. ती संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागतात, त्याला बेसांव. आपल्या 'शुभं करोति' नंतरच्या नमस्काराचीच ही बहीण. आणि तिची अडचणही आपलीच! त्याच वेळेला मालिका, त्याच वेळेला शिकवणी, आणि घरधनी पाळीवर. धाटावच्या कारखान्यांतून ज्यांची माणसे रात्री अकराला घरी येतात त्यांना मी सातच्या घंटेचे काय सांगू? काही घरांत प्रार्थना आखडून पाच मिनिटांवर आली आहे. आजीला ते रुचत नाही. मला विचाराल तर मुलांना डुलक्या आणणाऱ्या तासापेक्षा ती पाच मिनिटे बरी, मात्र त्या वेळी सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत हवेत.

२०२० च्या टाळेबंदीने याची परीक्षाच घेतली. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर आला तो चर्चची दारे बंद असताना. आपल्या राज्यात प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधले महिने मिस्सा पडद्यावर. ज्या घरांत रोजची प्रार्थना होती तेथे पडदा हे साधन राहिले. जेथे ती नव्हती तेथे चहाचा कप हाती घेऊन मिस्सा पाहिली गेली आणि मध्येच कुकरची शिटी मोजली गेली. पडद्यावरून सर्व काही मिळते असे ख्रिस्ती धर्म मानत नाही. पवित्र भाकर हातात घ्यावी लागते, तिथे माणूस समक्ष लागतो. पण घरही उपासनेचे स्थान आहे, हे त्यांच्यात नवे नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेच्या १९६४ च्या एका दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती चर्चच म्हटले आहे. त्याही मागे जा. पौलाच्या पत्रांत प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याच्या घरी मंडळी जमत असल्याचा उल्लेख येतो. बहुतेक ठिकाणी बायकोचे नाव आधी आहे. का, ते लिहिलेले नाही. पण येणाऱ्यांना बसावयाला जागा कोणी केली असेल याचा तर्क आपण स्त्रिया सहज करू शकू.

जाता जाता एक सूचना. मंडळाची सहल दर वर्षी कोठेतरी जातेच. यंदा कोर्लईचा विचार व्हावा. रोह्याहून चणेऱ्याच्या रस्त्याने जाता येते. पेणच्या भगिनींना अलिबाग-रेवदंडा करून साळावचा पूल ओलांडावा लागेल. किल्ला आहे, दीपगृह आहे, आणि माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. फक्त रविवारी सकाळी तमाशा पाहिल्यासारखे जाऊन उभे राहू नये. तेथील धर्मगुरूंना आधी पत्र टाकावे, आणि गावातल्या बायका ज्या वेळी मोकळ्या असतील ती वेळ त्यांनाच विचारावी. डब्यात काय न्यावयाचे ते चिटणीसबाई सांगतीलच.