शस्त्रक्रिया-विभागांतील आमचे चार महिने

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत आजारी व वृद्ध जनांसाठीं ठेवलेल्या दिवशीं, मिस्सेनंतर मंडपांत दिलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस "आजाऱ्यांची सेवा" या विषयावर बोलावयास सांगितलें आहे. या विषयावर उपदेश करणें सोपें आहे, आणि गेलीं पंचवीस वर्षें आम्ही तो करीतच आलों आहों. परंतु आज समोरच्या बांकांवर आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मुलेंमुली बसलेलीं दिसतात. त्यांतील कोणी वैद्यकीचें, कोणी परिचर्येचें शिक्षण घेत असून यंदा रुग्णालयांत प्रत्यक्ष काम शिकत आहेत. त्यांना पाहून असें वाटलें कीं, उपदेश बाजूस ठेवावा आणि आम्ही स्वतः असे शिकाऊ होतों तेव्हांची हकीकत सांगावी. तींत आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे. पापनिवेदनाची जागा सोडली तर ती आम्हीं आजवर दोन-तीन माणसांसच सांगितली आहे.

तें 1995 साल होतें. सेमिनरींत आमचा धर्मशास्त्राचा अभ्यास चालूं होता. सुटीच्या व पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीं आम्हां विद्यार्थ्यांस निरनिराळ्या ठिकाणीं पाठविण्यांत आलें. कोणी तुरुंगांत गेले, कोणी झोपडवस्तींत, आणि आमच्या वांट्यास एका मोठ्या रुग्णालयाचा शस्त्रक्रिया-विभाग आला. पुरोहित होऊं पाहणाऱ्यांस रुग्णशय्येपाशीं शिकवावें ही पद्धत मूळ आपल्या चर्चची नव्हे, हेंही सांगून टाकतों. अँटन बॉइसन नांवाच्या एका अमेरिकन प्रोटेस्टंट पाळकानें 1925 सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वूस्टर येथील मनोरुग्णालयांत ती सुरू केली. हा मनुष्य त्याआधीं स्वतः मनोविकारानें रुग्णालयांत राहून आलेला होता. रोग्याकडून शिकावयाचें असतें, हें त्याला पुस्तकांतून कळलें नव्हतें.

पहिल्याच दिवशीं आमची फजिती झाली. बाह्यरुग्ण-विभागांत एका हमालाच्या पाठीवरील मोठें गळूं फोडावयाचें होतें. सिस्टरनें आमच्या हातीं वांकडें पात्र दिलें व "ब्रदर, हें खालीं धरा" असें सांगितलें. डॉक्टरांनीं सुरी लावली, पुवाची धार आली, आणि पुढचें आम्हांस आठवत नाहीं. शुद्धीवर आलों तेव्हां आम्ही बांकावर आडवे होतों आणि पाठीस ताजी पट्टी बांधलेला तो हमाल आपल्या पेल्यांतील चहा आम्हांस पाजीत होता. सेवा करावयास आम्ही गेलों होतों. पहिली सेवा आमचीच झाली!

पुढें संवय झाली. सकाळीं आठ वाजतां दारें उघडत, तोंवर बाहेर शंभरांवर माणसें बसलेलीं असत. अंतर्गळ, मूळव्याध, भाजलेलीं मुलें, यंत्रांत सांपडलेलीं बोटें, आणि सर्वांत अधिक म्हणजे मधुमेहानें सडलेले पाय. मधुमेहांत पायाची जाणीव हळूहळू जाते. खडा रुततो, चप्पल घांसते, उंदीर कुरतडतो, तरी मनुष्यास कळत नाहीं. त्यांत रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, म्हणून जखम भरत नाहीं. दुखत नाहीं म्हणून तो येत नाहीं, आणि येतो तेव्हां बोट काळें पडलेलें असतें. जें दुखत नाहीं तें बरें आहे, ही समजूत आपल्या घरोघरीं आहे. ज्यांना हा विकार आहे त्यांनीं रोज रात्रीं आपले तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर नातवास दाखवावेत, एवढें जातांजातां सांगतों.

आमचें काम साधें होतें. नांवें पुकारावयाचीं, कागद पोंचवावयाचे, मलमपट्टीच्या वेळीं रोग्याचा हात धरून बसावयाचें. शस्त्रक्रियागृहांत एकदांच, कांचेआडून पाहण्याची परवानगी मिळाली. बोटांपासून कोंपरापर्यंत हात घांसून धुणारे आणि ते वर धरूनच आंत शिरणारे डॉक्टर पाहून आम्हांस वेदीपाशीं हात धुणाऱ्या पुरोहिताची आठवण झाली. हात धुण्याचें हें साधें कृत्यही फुकट मिळालेलें नाहीं. 1847 सालीं व्हिएन्ना येथें इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरानें प्रसूति-विभागांतील विद्यार्थ्यांस क्लोरीनच्या द्रावणानें हात धुवावयास लाविलें आणि बाळंतिणींचे मृत्यु एकदम घटले; तरी त्याच्या समव्यवसायी मंडळींपैकीं बहुतेकांनीं तें मानलें नाहीं. आपलेच हात रोग नेत होते हें कबूल करणें कोणास आवडेल? हा प्रश्न आम्हांस तेव्हां केवळ इतिहासांतला वाटला.

आतां मुख्य गोष्ट.

ज्येष्ठाच्या अखेरीस शहापूरकडील एक वृद्ध शेतकरी भरती झाला. वय साठीच्या पलीकडे, अंगानें काटक, बरोबर पत्नी. त्याच्या उजव्या पायाचीं तीन बोटें काळीं पडलेलीं होतीं व घोट्यापर्यंत सूज होती. तो ख्रिस्ती नव्हता, तथापि आम्हांस "ब्रदरबाबा" म्हणे. त्याच्या बोलण्यांत एकच विषय असे. राब भाजून झाला होता, पेरा झाला होता, आतां पाऊस पडला कीं भाताची आवणी. मुलगा एकटा, त्याला जमावयाचें नाहीं.

विभागाचे मुख्य शस्त्रवैद्य दक्षिणेकडील होते. इंग्रजी उत्तम, हिंदी तोडकीमोडकी, मराठी मुळींच नाहीं. त्यांनीं पाय पाहिला, आम्हांस जवळ बोलाविलें व सांगितलें कीं, बोटें तर गेलींच आहेत. आंत पू कोठवर चढला आहे तें उघडल्यावांचून कळणार नाहीं. कदाचित् गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. न काढल्यास विष रक्तांत पसरून मृत्यु येईल. "हें सर्व त्याला त्याच्या भाषेंत सांगा, आणि मग अंगठा घ्या." हाताखालचा तरुण डॉक्टर कागद आमच्या हातीं देऊन दुसऱ्या रोग्याकडे धांवला. खरें पाहतां हें काम आमच्यासारख्या शिकाऊ मनुष्यावर पडावयास नको होतें. पण रांग मोठी होती आणि मराठी बोलणारे त्या क्षणीं आम्हीच होतों.

आम्ही खाटेपाशीं बसलों. म्हाताऱ्यानें विचारलें, "ब्रदरबाबा, आवणीला चिखलांत उतरेन ना मी?"

त्याच्या बायकोनें पदर तोंडाशीं धरला होता. आम्हीं तिच्याकडे पाहिलें, त्याच्याकडे पाहिलें, आणि म्हणालों, "डॉक्टर पाय साफ करणार आहेत. थोडें कापावें लागेल. बरें होईल. काळजी करूं नका." त्यानें अंगठा दिला. आम्हांस त्या वेळीं वाटलें कीं आम्हीं दया केली.

दुसऱ्या दिवशीं गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शस्त्रक्रिया योग्य होती, त्याशिवाय तो वांचता ना. याबद्दल आम्हांस तेव्हां शंका नव्हती, आजही नाहीं. दोन दिवस तो कोणाशीं बोलला नाहीं. आम्ही जात होतों, पाणी विचारीत होतों. तो भिंतीकडे तोंड करून राही. तिसऱ्या दिवशीं बाहेर पाऊस लागला. तेव्हां तो आमच्याकडे वळला आणि रागावांचून बोलला, "तुम्ही सांगितलं असतं तर मी एक डाव शेतांत जाऊन उभा राहून आलों असतों. मग कापा म्हणालों असतों."

बंधुभगिनींनो, त्यानें आम्हांस शिवी दिली असती तर बरें झालें असतें. पायाशिवाय जगण्याची त्याची तयारी होती. निरोप घेण्याचे दोन घटके मात्र आम्हीं त्याचे काढून घेतले होते, आणि तेही आमच्या स्वतःच्या सोयीसाठीं, कारण त्याच्या चेहऱ्यावर तें दुःख उमटतांना पाहण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें. दयेचें नांव देऊन आम्हीं आमचा भित्रेपणा झांकला होता. तीं दोन माणसें अडाणी आहेत, त्यांना एवढें कशाला कळावयास हवें, असा एक सूक्ष्म गर्वही त्यांत होता. तो ओळखावयास आम्हांस बरींच वर्षें लागलीं.

त्याच सायंकाळीं आम्ही मुख्य शस्त्रवैद्यांकडे गेलों व झालें तें सांगितलें. ते रागीट म्हणून प्रसिद्ध होते. परंतु ते ओरडले नाहींत. फाईल उघडून त्या अंगठ्याच्या निशाणीकडे पाहत राहिले व म्हणाले, "म्हणजे माझ्याजवळ शाई आहे, संमति नाहीं." मग उठून वॉर्डांत आले, स्टूल ओढून म्हाताऱ्याच्या खाटेशीं बसले, आणि एका मराठी सिस्टरकडून शब्दशः भाषांतर करवून त्याची क्षमा मागितली. आपण स्वतः विचारून खात्री करून घ्यावयास हवी होती, असें ते म्हणाले. आम्ही बाजूस उभे होतों. दुसऱ्या दिवसापासून त्या विभागांत त्यांनीं एक नियम केला: सांगून झाल्यावर रोग्यानें स्वतःच्या शब्दांत परत सांगावयाचें कीं माझें काय करणार आहेत; तें नीट सांगतां आलें तरच अंगठा. पुढें 2008 सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही एका निकालांत स्पष्ट केलें कीं, संमति ही खरी व समजून दिलेली असावी, आणि एका गोष्टीस दिलेली संमति दुसऱ्या शस्त्रक्रियेस लागू करतां येत नाहीं. जीव वांचविण्यासाठीं तातडीचें असेल तर गोष्ट वेगळी.

ही हकीकत डॉक्टरांसच लागू आहे असें कोणी समजूं नये. धर्मगुरु म्हणून आम्ही घरोघरीं जातों, तेव्हां ओटीवरच आम्हांस थांबविण्यांत येतें आणि कानांत सांगितलें जातें, "फादर, बाबांना कॅन्सर आहे तें बोलूं नका हं." आंत गेलों कीं बाबा हळूच म्हणतात, "फादर, मला काय झालंय तें मला ठाऊक आहे, पण घरच्यांना सांगूं नका, तीं घाबरतील." एका छपराखालीं सर्व जण एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत बसतात, आणि शेवटचे महिने त्यांत निघून जातात. जमिनीचा कागद राहतो, भावाशीं समेट राहतो, दूर देशीं असलेल्या मुलीस बोलावणें राहतें.

पवित्र तेलाचेंही असेंच झालें आहे. पोप सहावे पॉल यांनीं 1972 सालीं या साक्रामेंताचा विधि सुधारून दिला. गंभीर आजारांत, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं, वार्धक्यांत तें घ्यावें, मरणाच्या उंबरठ्यापर्यंत थांबूं नये, असें सांगितलें. तरी आजही आपल्याकडे "शेवटलें तेल" हाच शब्द चालतो, आणि रोगी बेशुद्ध झाल्यावर आम्हांस फोन येतो. शुद्धींत असतांना फादर आले तर तो घाबरेल, असें घरच्यांना वाटतें. घाबरेल कोण, याचा त्यांनीं प्रामाणिक विचार करावा.

सत्य सांगावयाचें म्हणजे तें दगडासारखें फेंकावयाचें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तसें करणारेही आम्हीं पाहिले आहेत. दारांतच उभे राहून सहा महिने उरले म्हणून सांगतात आणि निघून जातात. रोग्यास किती कळावयास हवें आहे तें त्यालाच विचारावें. कोणी सर्व मागतो, कोणी म्हणतो माझ्या मुलाशीं बोला. तोही त्याचा हक्क आहे. पण विचारावें, आणि बसून विचारावें. आजाऱ्यांचे आश्रयदाते संत कामिल्लुस यांच्या पायाची जखम तरुणपणापासून मरेपर्यंत कधीं भरली नाहीं. रोमच्या ज्या रुग्णालयांत ते प्रथम रोगी म्हणून आले, तेथूनच पत्त्यांच्या नादापायीं त्यांना काढून टाकलें होतें. पुढें त्याच मनुष्यानें रुग्णसेवेचा संघ स्थापिला. स्वतःचा पाय रोज बांधावा लागत असल्यामुळें दुसऱ्याच्या खाटेशीं बसावयास त्यांना लाज वाटली नसावी, अशी आमची समजूत आहे.

त्या म्हाताऱ्याचें पुढें काय झालें, हें तुम्ही विचारालच. जखम भरावयास दोन महिने लागले. त्या काळांत नसलेल्या पायाच्या बोटांना खाज सुटते म्हणून तो रात्रीं उठून बसे. नंतर त्याला जयपूरचा पाय मिळाला. 1968 सालीं जयपूर येथें रामचंद्र शर्मा या कारागिरानें व डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनीं तो घडविला, तो आपल्याकडील माणसांचा विचार करूनच: रबराचा, अनवाणी चालतां येईल, मांडी घालून बसतां येईल, पाण्याचिखलांत जातां येईल असा.

वर्षभरानें, आवणी झाल्यावर, आम्ही त्याच्या गांवीं गेलों. बोलाविणें त्याचेंच होतें. चहा झाल्यावर तो काठी घेऊन आम्हांस बांधावर घेऊन गेला, खालीं बसला आणि दोन्ही पाय खाचरांत सोडले. थोडा वेळ गेल्यावर उजव्या पायाकडे बोट करून म्हणाला, "ह्याला गार लागत नाय." मग आमच्याकडे पाहून, "तुम्हीपण काढा चपला." आम्हीं काढल्या. तो आणखी चार वर्षें जगला. मुलानें पत्रानें कळविलें, तेव्हां आमची दीक्षा होऊन पहिल्या नेमणुकीस सुरुवात झाली होती.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या मंडळाची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खोलींत होईल. रुग्णालयांत शिकत असलेल्या मुलामुलींनीं सवड असेल तर यावें. मंडळांतील वडीलधाऱ्यांना तुम्हांस पुष्कळ विचारावयाचें आहे, आणि आम्हांसही.