पिंगळा आणि रानपिंगळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा चिटणीसबाईंनी मला शास्त्राच्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. बत्तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवल्यामुळे मी ती मोडू शकले नाही. मी बोलणार आहे एका पाखराविषयी. परंतु त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

आमच्या परसात मोठा लिंब आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहत असे. माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला, आणि त्याच रात्री पिंगळा आमच्या आढ्यावर बसून ओरडू लागला. पिंगळ्याची भाषा जाणून भविष्य सांगणारे पिंगळा-जोशी पहाटे दारी येतात, हे आपण सगळ्या लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सासूबाई म्हणाल्या, "हे लक्षण बरे नव्हे." दुसऱ्या दिवशी मीच गडी लावून ती ढोली दगडमातीने बुजवून घेतली. आत पिल्ले होती की नव्हती, हे मी पाहिलेसुद्धा नाही. त्या दिवशी अकरा वाजता मी सातवीच्या वर्गात 'निरीक्षण व अनुमान' हा धडा शिकवला. पुढे डॉक्टरांनी विषमज्वराचे निदान केले. दोष आमच्या आडाच्या पाण्यात होता.

आता या पिंगळ्याच्या एका भावंडाची हकीकत ऐका. त्याचे नाव रानपिंगळा. १८७२ साली ब्लुइट नावाच्या साहेबाला तो मध्य भारतात मिळाला आणि १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे तेच ह्यूम, ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यानंतर डेव्हिडसन या अधिकाऱ्याला आपल्या खानदेशात काही पक्षी मिळाले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जो दिसेनासा झाला, तो झालाच. जगातील सर्व संग्रहालये मिळून पेंढा भरलेले सातच नमुने उरले, आणि पुष्कळांना वाटले की ही जात संपली.

एक नमुना मात्र पुढच्या काळातला होता. माइनर्ट्‌झहागेन या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाने त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते की, आपण हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या अक्षरावर अविश्वास कोण दाखवणार? पण पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला. तो कसा भरला आहे, कसा शिवला आहे, हे पाहताना त्यावर डेव्हिडसनचाच हात तिला ओळखू आला. संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती!

म्हणजे मांडवीचा पत्ताच खोटा. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरचीच ठिकाणे धरून रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

त्याला ओळखायचे कसे? आपल्या घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, चोच जाड, शेपटीवर रुंद पट्टे आणि पायांवर पांढरी दाट पिसे. शिवाय हा दिवसाउजेडी शिकार करतो. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक यांनी असद रहमानी यांच्यासह त्याच्या राहणीचा अभ्यास केला. पुण्याच्या प्राची मेहता यांनी मध्य प्रदेशच्या जंगलात त्याचा मागोवा घेतला. पहा भगिनींनो, या कामात बायका किती पुढे आहेत! मेळघाट, यावल, ठाणे जिल्ह्यातील तानसा, अशा ठिकाणी तो आता आढळला आहे. तरीही संकटग्रस्त जातींतून त्याची सुटका झालेली नाही. राहण्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि ती झाडे तुटत आहेत. घुबडांच्या जातीला अशुभ मानून किंवा तोडग्यांसाठी मारणारेही आहेत.

आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल थोडे. इथे रानपिंगळा असल्याचे मी म्हणत नाही. पण साधा पिंगळा आहे. शेताच्या बांधावर, गावातल्या जुन्या लिंबावर, पडक्या भिंतीत तो राहतो. तो उंदीर आणि किडे खातो. ज्यांच्या घरी ज्वारीच्या कणग्या आहेत, त्यांना या पाहुण्याचे मोल मी काय सांगावे?

रासमुसेनबाईंची गोष्ट वाचली तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला. तिने एका मोठ्या माणसाची चिठ्ठी तपासून पाहिली, म्हणून हरवलेला जीव सापडला. मी मात्र वाडवडिलांनी पिंगळ्यावर लावलेली 'अशुभ' ही चिठ्ठी न वाचता खरी मानली. सासूबाईंना मी दोष देत नाही, त्यांना शाळा मिळाली नव्हती. मला मिळाली होती.

निवृत्त झाल्यावर मी गड्याला पुन्हा बोलावले आणि ढोलीतली दगडमाती काढून टाकली. त्याला आता चार वर्षे झाली. अजून कोणी राहायला आलेले नाही. दिवेलागणीला मी रोज तिकडे एकदा पाहते.

आपणा सर्वांना माझी विनंती एवढीच, की परसातले जुने झाड तोडण्यापूर्वी किंवा ढोली बुजवण्यापूर्वी आत कोण आहे ते पहावे. मुलांनाही सोबत घेऊन दाखवावे. पिंगळा ओरडला आणि घरात कोणी आजारी असले, तर त्याला हुसकण्याऐवजी पाणी उकळावे आणि डॉक्टरांना बोलवावे.