जंगलातल्या गावांना रेंज हवी, तर ठराव आपणच करायचा

(खानापूर येथील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर सकाळपासून बरेच बोलून झाले आहे, त्याची उजळणी आम्ही करत नाही. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकालाची वाट आपण पाहतोच आहोत. पण गवाळीच्या किंवा पास्तोलीच्या पोराने शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्या निकालाची वाट का पाहावी?

गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूर, आमगाव, देगाव, तळेवाडी. ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची गावे. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि ती अभयारण्यातली गावे झाली. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठायचा, हे दुखणे अजून सुटलेले नाही. १०८ ला फोन लावायचा तर आधी रेंजच्या शोधात टेकडी चढायची. रेशनला अंगठा, गृहलक्ष्मीच्या दोन हजारांना बँक आणि आधारची जोडणी, उताऱ्यासाठी ऑनलाइन अर्ज. पूर्वी रेंज नसणे ही गैरसोय होती. आता सरकारने सगळे कामच त्या तारेवर नेऊन ठेवले, आणि तार तेवढी आपल्याकडे आणली नाही.

‘एवढ्याशा वस्तीला कंपनीला परवडत नाही,’ असे सांगतात. खरे आहे, परवडत नाही. म्हणूनच तर २००२ पासून केंद्राचा सार्वत्रिक सेवा निधी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला शेकडा ५ हिस्सा त्यात जातो. २०२३ च्या कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असे नाव दिले. तुम्ही-आम्ही मारलेल्या प्रत्येक रिचार्जमधला वाटा त्यात आहे. तेव्हा हे मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आता काय मागायचे ते नीट समजून घेऊ, कारण आपण सवयीने नुसते ‘टॉवर द्या’ म्हणतो. भारतनेट योजनेत २०११ पासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचे ठरले. २०२३ च्या सुधारित योजनेत पंचायतीच्या पुढच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी द्यायची तरतूद आली. मागणीनुसार, हा शब्द लक्षात ठेवा. मागितले नाही तर कोणी विचारायला येणार नाही. पंचायतीपासून पुढच्या डोंगरापलीकडे तार ओढणे अवघड असेल तर बिनतारी दुवा चालतो. धर्मशाळेच्या डोंगरात २००५ पासून एअरजल्दीच्या मंडळींनी माथ्यामाथ्यावर अँटेना बसवून असे जाळे उभे केले. अट एकच, एका अँटेनातून दुसरी दिसली पाहिजे. आपल्याकडे मधे दाट झाडी, तिथे ही लहर अडते. त्यावर मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातील सात गावांत टीव्हीच्या मोकळ्या लहरी वापरून पाहिल्या. त्या लहरी झाडीतून बऱ्यापैकी पार जातात. तो प्रयोग होता, सर्रास परवाना नव्हे, पण वाट दिसली. विजेचे म्हणाल तर सोलर पॅनेल आणि बॅटरी लागणारच. मृगापासून आपल्या भागात वीज कशी असते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

यंत्रे आणली म्हणजे झाले, असेही नाही. वारणानगर आपल्याला परके नाही. तिथे १९९८ साली सत्तर गावांत संगणक बसवले, देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्याला त्यातून मुख्यतः हवे काय होते? उसाचे वजन किती भरले आणि बिल कधी निघणार. पुढे तेच काम मोबाईलच्या साध्या एसएमएसवर स्वस्तात करून पाहिले गेले. म्हणून आधी गावाला काय हवे ते गावाने ठरवावे.

खरी अडचण वनखात्याची. तिथे आपण ‘साहेब, बघा ना’ म्हणत उभे राहतो. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम २ वाचा. सरकारने चालवायच्या शाळा, दवाखाना, रेशन दुकान, रस्ता अशा सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ हून जास्त झाडे न तोडता. त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या आहेत. अट ग्रामसभेच्या शिफारशीची. शब्द ‘वाहिन्या’ असल्याने टॉवरवर वाद घालतील, आणि अभयारण्य म्हणून वन्यजीव विभाग आणखी परवानग्या मागेल, हे गृहीत धरा. म्हणूनच शाळेच्या छपरावरची अँटेना मागू या, तिच्यासाठी एक झाडही पडत नाही.

तळेवाडीचे नाव घेतल्याशिवाय हे पुरे होत नाही. मोबदला घेऊन बाहेर पडायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यावर आमचा आक्षेप नाही. त्यांना शब्द दिल्याप्रमाणे पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. पण रस्ता नाही, दिवा नाही, रेंज नाही, असे करत करत माणसाला कंटाळवायचे आणि मग ‘गाव स्वखुशीने उठले’ म्हणायचे, ही स्वखुशी आम्हाला मान्य नाही. ज्याला राहायचे आहे त्याला माणसासारखे राहता आले पाहिजे.

आणि हो, जोडणी आली तरी सेवा सिंधूचे पान कन्नड आणि इंग्रजीत उघडते. तालुक्यात पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचे १९५६ चे धोरण. खानापुरात आपण किती आहोत, हे मोजायला जनगणना नको. ही मागणीही त्याच ठरावात घाला.

ठरावाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, मराठीत, सोबत कन्नड प्रत. जवळची पंचायत, शाळा, रेशन दुकान आणि रेंज नेमकी कुठे तुटते ती जागा, एवढे चार रकाने गावकऱ्यांनी भरायचे आहेत. सह्या येत्या ग्रामसभेत घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दिल्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नका.