श्रीखंडाची वडी



पाडव्याला घरोघर श्रीखंड होते. चैत्राचे ऊन असते. दुसऱ्या दिवशी ते आंबसते. तिसऱ्या दिवशी भांडे तोंडाजवळ नेववत नाही. तरी "एवढी साखर पडली आहे, टाकायचे कसे?" म्हणून कोणीतरी खाते आणि रात्री पोट धरून बसते. फ्रिज घरोघर नाही. असला तरी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

त्याच चक्क्याची वडी केली तर ती आठवडाभर राहते. चव श्रीखंडाचीच, आंबटगोड. वसतिगृहात शिकणाऱ्या पोराला डब्यात घालून देता येते. श्रीखंड एसटीतून नेऊन पाहा बरे!

वडी टिकते ती का? आटवताना पाणी उडून जाते आणि साखर दाट होते. अशा ठिकाणी जंतूंना वाढता येत नाही. मुरंबा टिकतो तो असाच.

दीड लिटर म्हशीच्या दुधाचे दही लावले की साधारण अर्धा किलो चक्का निघतो. दूध आधी उकळून घ्यावे. विरजण गोड असावे. दही स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर टांगावे. खाली गळलेले पाणी ओतू नये, त्याची कढी चांगली होते. अर्धा किलो चक्क्याला पाऊण किलो साखर लागते. वाटीने मोजायचे तर दोन वाट्या चक्क्याला साडेतीन वाट्या साखर. जास्त वाटेल, पण साखर कमी केली तर वडी टिकणार नाही.

आता भांडे. हे नीट ऐका. बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ कळकतो. धातू त्यात उतरतो. खाणाऱ्याला मळमळ, ओकाऱ्या, पोटात कळा. कल्हई केलेले किंवा जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. कल्हई उडाली असेल तर त्या दिवशी वडी करू नये, दही भाताशी खावे.

चक्का आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. साखर विरघळली की सगळे पातळ होते. नवी सून इथे घाबरते. घाबरू नये, ढवळत राहावे. अर्ध्या तासाने गोळा कडा सोडू लागतो. थेंबभर बशीत टाकून निवू द्यावा. बोटांनी त्याची गोळी वळली की पातेले उतरावे.

खरे काम इथून पुढे. उतरल्यावर घोटावे लागते. घोटल्याने साखरेचा बारीक रवा धरतो. न घोटता थापले तर वडी चिकट होते, दाताला लागते. फार घोटले तर थापण्याआधीच चुरा होतो. कडेला पांढरट दिसू लागले की थांबावे. आमच्या घरी हे काम निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. हात भरून येतात, म्हणून तर पुरुषांनी ते करावे.

वेलदोड्याची पूड घालावी. केशर परवडत नसेल तर नसू दे. रंग घालायचाच असेल तर पुडी वाचा. आता तुम्हाला वाचता येते. "खाण्याचा रंग" असे त्यावर छापलेले नसेल तर तो रंग घरात आणू नये.

तूप लावलेल्या थाळीत गोळा थापावा. कोमट असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात. पूर्ण निवल्यावर वड्या सुटतात.

काही बाया म्हणतात, "आमचे सगळे अंदाजाने." अंदाज चांगलाच. पण सासूचा अंदाज सासूबरोबर जातो, मग सून दरवर्षी साखर वाया घालवते. म्हणून आपले माप आणि किती वेळ आटवले ते वहीत लिहून ठेवा. वडी मऊ राहिली तर तेही लिहा. मऊ वडी पुन्हा आचेवर चढवता येते, थोडे दूध शिंपडून.

कोरड्या डब्यात भराव्यात. डब्यात ओला हात घालू देऊ नये. एका ओल्या बोटाने बुरशी येते, आणि बुरशी दिसली की सगळा डबा टाकावा.