खिद्रापूर : देऊळ आणि गाव



कोल्हापूरहून पूर्वेला सुमारे ६० किलोमीटर गेले, की शिरोळ तालुक्याच्या टोकाशी, कृष्णेच्या वळणावर खिद्रापूर लागते. पाहुणे येतात, कोपेश्वराचे देऊळ पाहतात आणि आल्या वाटेने परततात. आज आपण देवळाबरोबर गावाकडेही थोडे पाहू या.

देऊळ शिलाहारांच्या काळचे, बाराव्या शतकातले. स्वर्गमंडपाला ४८ खांब. मधोमध छत गोल उघडे, आत उभे राहून मान वर केली की थेट आभाळ दिसते. शंकरापुढे नंदी मात्र नाही! जुनी माणसे सांगतात, दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, तेव्हा महादेव कोपले. विष्णूने त्यांना येथे आणून शांत केले. नंदी सतीबरोबर तिच्या माहेरी गेलेला, तो नदीपलीकडे यडूरलाच राहिला. ही झाली कथा. लेखी पुरावा शिलालेखाचा. देवगिरीच्या यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचे राज्य जिंकले आणि शके ११३६ मध्ये याच देवाला दान दिले. राजा बदलला, पूजा चालू राहिली.

गावाचेही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली आणि नदीपलीकडचे जुगूळ दुसऱ्या राज्यात गेले. नकाशावर रेघ पडली. पण पैलतीरावरची सोयरीक काही परकी झाली नाही. या टापूत मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बसून बोलतात.

दगडावर कोरलेले आठशे वर्षे टिकले. कागदाचे तसे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना वेढले. अशा वेळी माणसे आणि जनावरे आधी हलवायची. घरातल्या जुन्या वह्या, दस्तऐवज कोण सांभाळणार? आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी तर पुराशिवायही जातात.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. मुलांना राजांच्या सनावळ्या शिकवाच. पण एक कोरी वहीही द्या. नाव कोण चालवत असे, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, कोणत्या शिवाराला काय नाव आहे, हे त्यांनी आजी-आजोबांना विचारून लिहावे. वहीच्या दोन प्रती करून एक उंचावरच्या गावी ठेवावी.

खिद्रापूरला शिलालेख आहे. तुमच्या गावाला नसेल, तर तो लिहायचे काम तुमच्याच शाळेकडे आले, असे समजा.