डोंगरातली सायकल



व्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणिसांनी मला विषय विचारला. मी म्हटले, "सायकल." ते म्हणाले, "म्हणजे कामगारांच्या वाहतुकीचा प्रश्न?" मी म्हटले, "नव्हे. डोंगरात हौसेखातर चालवावयाची सायकल." ते क्षणभर गप्प झाले आणि मग सभ्यपणे त्यांनी विषय लिहून घेतला. चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी लोकांची समजूत असते. आणि खोटे कशाला सांगू, इतर दिवशी मी त्यावरच बोलतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातली व्याख्याने सुरू केली, तेव्हा साखळीची आणि दोन सारख्या चाकांची सायकल जन्मालाही आली नव्हती. ती १८८५ ची. तेव्हा हा विषय थोडा उशिराने आला, एवढेच समजा.

माझे शाळेचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मी वाढलो. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर होते, हे येथील पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगावयास नको. तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव लिहून घेई आणि घड्याळाकडे पाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, तसा आता फक्त मोटारसायकलींचा पडतो. त्या काळ्या सायकली भक्कम होत्या. सळईचे ब्रेक, पुढे डायनमो, मागे कॅरिअर, कॅरिअरवर डबा. पंचवीस-तीस वर्षे एकच सायकल वापरणारे कामगार मी पाहिले आहेत. पण ती हौस नव्हती. ती भाकरीकडे जाण्याची वाट होती.

डोंगरात सायकल घालण्याची हौस कोठून आली? पुस्तकांत सांगतात ते असे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, मॅरिन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुण १९७० च्या दशकात भंगारातून जाड टायरांच्या जुन्या सायकली उचलून आणीत आणि डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार दोन मैलांहूनही कमी, आणि तेवढ्यात खाली यावयाचे १३०० फूट! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. खाली पोचेपर्यंत तुंबा इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई, आणि तो उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने या कामासाठी म्हणून खास सांगाडा बांधला, १९८१ मध्ये कारखान्यात तयार झालेल्या सायकली दुकानांत आल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार जाऊन बसला. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे! मला यात आवडते ते हे, की सुरुवात भंगारवाल्याकडे झाली.

मात्र डोंगरात सायकल प्रथम त्यांनीच घातली, हे काही मला पटत नाही. १८९७ साली अमेरिकेच्या सैन्यातील पंचविसाव्या पायदळाच्या वीस कृष्णवर्णीय शिपायांनी मोंटानातून सेंट लुईपर्यंत सुमारे १९०० मैल सायकली हाकल्या, त्या काही डांबरी रस्त्याने नव्हे. आपल्या मुंबईतून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे पारशी तरुण १९२३ साली जे निघाले ते वाळवंटे आणि जंगले तुडवून, पृथ्वीला वळसा घालून १९२८ मध्ये परत आले. आणि आमच्या मुळशी-वेल्ह्याकडचा दूधवाला? दोन्ही बाजूंना कॅन लटकवून मुरमाच्या उतारावरून तो जेव्हा पहाटे खाली येई, तेव्हा त्याला कोणी पदक दिले नाही. कारण तो वेळ मोजीत नव्हता, दूध मोजीत होता.

आता हे यंत्र कसे असते ते थोडक्यात सांगतो. टायर दोन इंचांहून रुंद आणि खाचखळग्यांचे. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवावयाची, म्हणजे टायर दगडाला बिलगून धरतो. पुढच्या फोर्कमध्ये धक्का शोषणारी योजना. ब्रेक चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला धरणारे, म्हणून चिखलातही लागणारे. आणि गिअर. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे पॅडल एकदा पूर्ण फिरले की ती साधारण १७ फूट पुढे जाते. हिच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये तीच फेरी केवळ ५ फूट नेते. म्हणजे चढ तेवढाच राहतो, पण त्याचे हप्ते पाडून मिळतात. कर्जदार माणसाला हे लगेच कळेल.

येथे पालकांना एक सांगून ठेवतो. मुले हट्ट धरतात आणि बाजारात दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेली, रंगीबेरंगी, स्वस्त सायकल मिळते. ती घेऊ नका. त्या स्प्रिंगा दगडासाठी नसतात, दुकानाच्या काचेसाठी असतात. मुलगा पॅडल मारतो आणि त्याचे निम्मे बळ स्प्रिंग दाबण्यात जाते. वर त्या लोखंडाचे वजन. चार दिवसांनी पोरगा म्हणतो, मला सायकल आवडत नाही. त्याच पैशात साधी, स्प्रिंग नसलेली, हलकी सायकल घ्यावी.

आनंदाचे म्हणाल, तर मी वेताळ टेकडीबद्दल बोलेन, कारण ती आपल्या दारात आहे. पहाटे ओंकारेश्वराचा पूल ओलांडावा, फर्ग्युसन रस्त्याने जावे, आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फुटांवर उभा असतो. या शहराचे सर्वांत उंच ठिकाण ते. वाट मुरमाची. मुरूम म्हणजे बॉलबेअरिंगचे छर्रे पसरलेले समजा. चढावर उभे राहून पॅडल मारले तर मागचे चाक जागीच गरगरते. बसून राहिले तर पुढचे चाक घोड्यासारखे उचलले जाते. तेव्हा खुर्चीच्या अगदी टोकावर बसून, छाती हँडलकडे नेऊन, श्वासाच्या तालावर पाय फिरवावे लागतात. उतरताना सगळे उलट. बूड मागे, गुडघे सैल, आणि डोळे वाटेवर. दगडावर नव्हे, वाटेवर. कारण ज्या दगडाकडे पाहाल त्याच दगडावर चाक जाते. हे मला कोणी शिकवले नाही, दगडांनीच शिकवले. कधी एखादा मोर वाट ओलांडतो. खाणीच्या पाण्यावर उजेड पडतो. आणि एखादा चढ, जेथे वर्षभर पाय टेकावा लागत होता, तो एके दिवशी पाय न टेकता पार होतो. हे पाहावयास कोणी नसते. घरी येऊन सांगावे तर घरचे विचारतात, "दूध आणलेत का?"

सिंहगडाचा चढ वेगळा. तेथे डांबर आहे, गोळेवाडीपासून सुमारे नऊ किलोमीटर. तेथे कसब लागत नाही, चिकाटी लागते. मला स्वतःला टेकडीच जास्त प्रिय आहे.

आणि वैताग! त्यावर वेगळी व्याख्यानमाला होईल. पहिला वैताग बाभळीचा. गाडीवाटेवर पडलेला काटा दिसत नाही, टायर मात्र त्याला अचूक शोधून काढतो. हल्ली ट्यूबऐवजी टायरात चीक ओतण्याची पद्धत आहे. भोक पडले की चीक तेथे जाऊन घट्ट होतो. पण आपल्या उन्हाळ्यात तो आतल्या आत वाळतो, आणि हे कळते ते टेकडीच्या पलीकडच्या टोकाला. दुसरा वैताग आवाजाचा. सायकल कुरकुरू लागते. पॅडल पाहावे, खुर्ची पाहावी, कटोऱ्या उघडून छर्रे धुवावे, आवाज तसाच. दोन रविवार गेल्यावर समजते की तो पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचा होता. तिसरा सर्वांत मोठा. मागच्या गिअरची पक्कड सांगाड्याला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेली असते त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि सांगाडा वाचावा. कल्पना शहाणपणाची. पण प्रत्येक कंपनीचा, इतकेच काय, प्रत्येक नमुन्याचा हँगर निराळा! एकदा माझा वाकला. ज्या दुकानातून सायकल घेतली त्याने सांगितले, मागवावा लागेल. सात आठवडे लागले. हातभर किमतीची सायकल बोटभर तुकड्यासाठी भिंतीला टेकून उभी होती. जुन्या काळ्या सायकलीचा कोणताही भाग कोणत्याही खेड्यातल्या दुकानात मिळे, आणि नाही मिळाला तर लोहार ठोकून देई. प्रगती झाली हे मान्य. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून दुरुस्ती काढून घेतली गेली, हेही टिपून ठेवावे.

टेकडीवर आणखी एक प्रश्न आहे, तो माणसांचा. वाट फिरायला येणाऱ्यांची आहे. वरून वेगाने सायकल आली तर सत्तरीच्या बाई दचकतात, आणि त्यांचे दचकणे योग्य आहे. एका आजोबांनी काठी आडवी धरून माझी वाट अडवली होती. मी उतरलो. आम्ही दगडावर बसून बोलणी केली. मला त्याची सवय आहे. ठरले असे की अरुंद वाटेवर माणूस दिसताच सायकलवाल्याने उतरावे, मागून येताना घंटी वाजवावी, आणि पावसानंतर दोन दिवस ओल्या वाटेवर चाक घालू नये. शेवटचे कलम त्यांचे होते आणि ते सर्वांत शहाणपणाचे होते. ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडते, पुढच्या सरीत त्या चाकोरीचा ओहोळ होतो आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ. टेकडीतून रस्ता न्यावयाच्या योजनेविरुद्ध २०२३ साली पुणेकर मोर्चाने रस्त्यावर आले, त्यात आम्हीही होतो. मोर्चात टेकडी वाचवावयाची आणि रविवारी तिलाच खणावयाचे, हे जमणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मी मुद्दाम घेतला त्या गोष्टीकडे येतो. चाकणच्या एका कारखान्यातला कंत्राटी कामगार. नाव सांगत नाही, त्याची नोकरी जाईल. खोलीपासून कारखान्यापर्यंत तो रोज सायकलने जातो, कारण बसचे पैसे वाचतात. माझ्या सायकलीवरून हात फिरवून तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही दमायला चढ शोधता. मला चढ सुट्टी देत नाही." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला लागले. त्याच्या पिंढऱ्या माझ्यापेक्षा बळकट आहेत. त्याला टेकडीवर सोडला तर तो मला सहज मागे टाकील. त्याच्यापाशी नाही ती सायकल नव्हे. त्याच्यापाशी रविवार नाही. जादा पाळी नाकारली तर पुढच्या महिन्यात यादीत नाव नसते.

आणि रविवार ही काही देवाने दिलेली वस्तू नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलात गिरणी कामगारांची विराट सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज जो कोणी रविवारी टेकडीवर जातो, मग तो बँकेतला असो वा संगणकाच्या कंपनीतला, तो लोखंड्यांच्या खात्यावर जातो. बहुतेकांना हे ठाऊक नसते. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हा सांगण्यात आले की आठवड्याचे तास ४८ च राहतील. कागदावर बेरीज बरोबर आहे. पण १२ तास यंत्रापाशी उभा राहिलेला आणि येण्याजाण्यात आणखी तीन तास घातलेला माणूस पाचव्या दिवशी टेकडी चढणार नाही, झोपेल. हौस ही उरलेल्या तासांवर जगत नाही, उरलेल्या ताकदीवर जगते.

काही मित्र मला म्हणतात, छंद हा मध्यमवर्गाचा विषय, तू त्यात कशाला पडतोस? मला हे म्हणणे उद्धट वाटते. कामगाराला भाकरी हवी, औषध हवे, हे सर्वांना मान्य. पण त्याला विनाकारण, निव्वळ मजेसाठी एका टेकडीवरून खाली यावेसे वाटेल, हे कोणाच्या मागण्यांच्या यादीत नसते. आमच्या यादीत गेल्या वर्षी आम्ही एक कलम घातले: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावणे आल्यास नकार देता यावा, आणि त्या नकाराची शिक्षा नसावी. एका कारखान्यात ते मान्य झाले आहे. दुसऱ्या दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. मान्य झालेल्या ठिकाणचे तिघे जण आता आमच्याबरोबर येतात. दोघे साध्या काळ्या सायकलीवर, आणि उतारावर ते आमच्या तबकडीच्या ब्रेकांना हसतात.

पावसाळा अजून दूर आहे, वाटा कोरड्या आहेत. कोणास यावयाचे असेल तर रविवारी पहाटे साडेपाचला ओंकारेश्वराच्या पुलाशी यावे. सायकल कोणतीही चालेल. नसेल तर आमच्याकडे एक जादा आहे, तिची खुर्ची थोडी टोचते. ट्यूब आणि पंप मात्र ज्याचा त्याने आणावा.